ऑप्टिकल मल्टिप्लेक्सरवरील इथरनेट पोर्टचे कॉन्फिगरेशन

फायबरवर चालणाऱ्या एसडीएच (ठरावीक वेळेच्या चौकटीत माहिती वाहून नेणारी प्रणाली) मल्टिप्लेक्सरच्या, म्हणजे अनेक प्रवाह एकाच फायबरवर चढवणाऱ्या उपकरणाच्या, कार्डावरील इथरनेट पोर्ट दिसायला एखाद्या साध्या स्विचच्या पोर्टसारखाच असतो, आणि त्यामुळे तो स्विचसारखाच कॉन्फिगर करून मोकळे होण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात या पोर्टला दोन बाजू असतात. बाहेरची बाजू ग्राहकाच्या राउटरकडे किंवा स्विचकडे पाहते, आणि तिथे वेग, ड्युप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी पाठवता येते, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ), फ्रेमची (इथरनेटवरील माहितीच्या एका पुडक्याची) लांबी असे इथरनेटचे नेहमीचे प्रश्न असतात. आतली बाजू फायबरकडे पाहते. तिथे इथरनेटच्या फ्रेम व्हर्च्युअल कंटेनरमध्ये (व्हीसी, म्हणजे ठरावीक क्षमतेच्या डब्यांत) भरून एसटीएम-१, एसटीएम-४ किंवा एसटीएम-१६ च्या, म्हणजे एसडीएचच्या चढत्या वेगांच्या, प्रवाहात चढवल्या जातात. निरनिराळे उत्पादक या आतल्या पोर्टला वॅन पोर्ट, व्हीसीजी (व्हीसींचा गट) किंवा व्हीसी-ट्रंक अशी निरनिराळी नावे देतात, मेनूही वेगवेगळे असतात, पण भरायच्या बाबी जवळपास त्याच असतात. लिंकचा हिरवा दिवा फक्त बाहेरच्या बाजूबद्दल सांगतो. आतल्या बाजूने एकही फ्रेम पलीकडे जात नसली तरी तो लागलेलाच राहतो. म्हणून या मार्गदर्शनात दोन्ही बाजू स्वतंत्रपणे घेतल्या आहेत.

पडद्यासमोर बसण्यापूर्वी

काम सुरू करण्याआधी पुढील माहिती लेखी स्वरूपात हाताशी असावी: दोन्ही टोकांच्या मल्टिप्लेक्सरचा प्रकार, कार्डाचा स्लॉट आणि पोर्ट क्रमांक, ग्राहकाच्या उपकरणाचा पोर्ट तांब्याचा आहे की ऑप्टिकल, त्याचा वेग स्थिर ठेवलेला आहे की ऑटो-निगोशिएशनवर (दोन टोकांनी आपसांत ठरवण्यावर), मान्य झालेली बॅन्डविड्थ किती, ग्राहक व्हीएलएएन टॅग (फ्रेम कोणत्या आभासी जाळ्याची आहे ते सांगणारी खूण) लावून पाठवणार आहे का, आणि त्याच्या बाजूची सर्वांत मोठी फ्रेम किती लांबीची असेल. यांतील शेवटचे दोन प्रश्न विचारायचे बहुधा राहून जातात आणि नंतर त्यांवरच सर्वाधिक वेळ खर्च होतो.

कार्ड कोणत्या जातीचे आहे हेही पाहून घ्यावे. काही कार्डे केवळ पारदर्शक असतात. एका पोर्टवर जे आले ते जसेच्या तसे एका ठरावीक व्हीसीजीमध्ये टाकणे एवढेच त्यांचे काम असते. इतर कार्डांमध्ये लेयर-२ स्विच असतो. ती मॅक पत्ते (उपकरणांचे हार्डवेअर पत्ते) शिकतात, व्हीएलएएननुसार फ्रेम वाटतात आणि अनेक पोर्ट एकाच व्हीसीजीवर आणू शकतात. दुसऱ्या जातीच्या कार्डात पोर्ट आणि व्हीसीजी यांचा संबंध आपण स्वतः जोडून द्यावा लागतो, आणि तो जोडला नाही तर कोणताही अलार्म न येता वाहतूक बंद राहते.

सध्याच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यावा, हे सांगण्याची गरज नसावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दूरच्या टोकाच्या उपकरणापर्यंत आपले व्यवस्थापनाचे कनेक्शन कोणत्या मार्गाने जाते ते तपासावे. ते एसडीएचच्या डीसीसी बाइट्समधून (व्यवस्थापनासाठी राखलेल्या बाइट्समधून) जात असेल तर इथरनेट पोर्टमधील बदलांचा त्यावर परिणाम होत नाही; पण ज्या इथरनेट सेवेला आपण हात लावणार आहोत तिच्यातूनच ते जात असेल, तर एका चुकीच्या व्हीएलएएनने दूरचे टोक हातातून जाऊ शकते. अशा ठिकाणी बदल आधी दूरच्या टोकावर करावा आणि मग जवळच्या टोकावर.

बाहेरची बाजू: वेग आणि ड्युप्लेक्स

पोर्ट प्रथम प्रशासकीयदृष्ट्या चालू करावा लागतो. बहुतेक कार्डांवर न वापरलेले पोर्ट मुळात बंद असतात, किंवा त्यांचे अलार्म दाबून ठेवलेले असतात. ग्राहकाची केबल अजून आली नसेल तर अलार्म दाबलेले राहू देणे योग्य आहे. मात्र सेवा सुरू झाल्यावर ते उघडायचे राहून गेले, तर पुढे लिंक तुटल्याचे नियंत्रण कक्षाला ग्राहकाच्या फोनवरूनच कळेल.

त्यानंतर ऑटो-निगोशिएशन. इथे नियम एकच आहे: केबलच्या दोन्ही टोकांना एकच पद्धत असावी, दोन्हीकडे ऑटो किंवा दोन्हीकडे स्थिर. ऑटो-निगोशिएशन ठेवलेल्या पोर्टला समोरून वाटाघाटीचे संकेत मिळाले नाहीत, तर तो सिग्नलच्या स्वरूपावरून १० किंवा १०० मेगाबिट हा वेग ओळखू शकतो, पण ड्युप्लेक्स ओळखण्याचा त्याच्याकडे कोणताही मार्ग नसतो. अशा वेळी मानकानुसार तो हाफ ड्युप्लेक्स धरतो. समोर १०० मेगाबिट फुल ड्युप्लेक्स स्थिर केलेले असेल तर एक टोक फुल आणि दुसरे हाफ, अशी जोडी तयार होते. लिंक लागते, पिंग जाते, आणि कमी वाहतुकीत सारे काही ठीक दिसते. वाहतूक वाढली की हाफ टोकावर लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) वाढतात, फुल टोकावर सीआरसी चुका (फ्रेमची तपासणी न जुळणे) वाढतात, आणि १०० मेगाबिटच्या लिंकवर फाइल काही मेगाबिटच्या वेगाने सरकू लागते. दोन टोकांचे काउंटर शेजारी ठेवून ही जोडी दिसली तर निदानासाठी दुसरे काही शोधण्याची आवश्यकता नाही.

तांब्याच्या गिगाबिट पोर्टवर, म्हणजे १००० बेस-टीवर, ऑटो-निगोशिएशन बंद करण्याचा विचारच करू नये. तिथे घड्याळाचा मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे त्या वाटाघाटीतच ठरते आणि मानकाने ती अनिवार्य केली आहे. काही उपकरणांच्या मेनूमध्ये '१००० फुल' असा पर्याय दिसतो. त्याचा अर्थ अनेकदा फक्त १००० ची घोषणा करून वाटाघाट करणे असाच असतो.

ऑप्टिकल गिगाबिट पोर्टची गोष्ट थोडी निराळी आहे. १००० बेस-एक्समधील ऑटो-निगोशिएशन वेग ठरवत नाही. ते ड्युप्लेक्स, पॉज आणि दूरच्या बिघाडाची सूचना एवढ्यापुरते असते. एका टोकाला ते चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद असेल, तर चालू असलेले टोक समोरच्या उत्तराची वाट पाहत लिंक खालीच ठेवते आणि बंद असलेले टोक लिंक वर दाखवते. 'माझ्याकडे लिंक आहे, तुमच्याकडेच काहीतरी बिघडले आहे' या संभाषणामागे बऱ्याचदा हेच कारण असते. फायबर उलटसुलट करण्यापूर्वी हे पाहावे.

एसएफपी (पोर्टमध्ये बसणारे ऑप्टिकल मॉड्यूल) बसवताना दोन्ही टोकांच्या तरंगलांबी आणि वेग जुळले पाहिजेत. ८५० नॅनोमीटरचा एसएक्स मल्टिमोडसाठी आणि १३१० नॅनोमीटरचा एलएक्स प्रामुख्याने सिंगलमोडसाठी असतो. १०० मेगाबिटचा ऑप्टिकल मॉड्यूल आणि गिगाबिटचा मॉड्यूल एकमेकांशी कधीही बोलणार नाहीत, कारण फायबरवर वेगाची वाटाघाट होत नाही. लांब पल्ल्याचा १५५० नॅनोमीटरचा मॉड्यूल त्याच खोलीतील उपकरणाला छोट्या पॅचकॉर्डने जोडला तर रिसीव्हरवर मर्यादेबाहेर प्रकाश पडतो. तिथे ॲटेन्युएटर लावावा. मॉड्यूलमध्ये डिजिटल निदानाची सोय असेल तर येणारी आणि जाणारी प्रकाशशक्ती पडद्यावरच दिसते. त्या दोन आकड्यांची नोंद पहिल्याच दिवशी करून ठेवावी, म्हणजे पुढे तुलनेला आधार मिळतो.

फ्लो कंट्रोल, म्हणजे ८०२.३एक्स पद्धतीच्या पॉज फ्रेम, हा मतभेदाचा विषय आहे. पोर्ट १०० मेगाबिटचा आणि आतली वाट १० मेगाबिटची असेल, तर कार्डाचा बफर भरताच कार्ड ग्राहकाला थोडे थांबायला सांगते, ही त्यातील कल्पना आहे. अडचण अशी की पॉज फ्रेम सगळीच वाहतूक थांबवते, त्यात आवाजाचे पॅकेटही थांबतात. माझ्या मते ग्राहकाच्या राउटरवर मान्य बॅन्डविड्थइतके शेपिंग (पाठवण्याच्या वेगावर मर्यादा) लावणे हा चांगला उपाय आहे आणि फ्लो कंट्रोल बंद ठेवावा. ग्राहकाचे उपकरण शेपिंग करू शकत नसेल आणि कार्डाचा बफर लहान असेल, तरच दोन्हीकडे तो चालू करावा. एकाच बाजूला चालू केलेल्या फ्लो कंट्रोलचा उपयोग होईलच याची खात्री नसते.

फ्रेमची लांबी

एमटीयूच्या (कमाल लांबीच्या) रकान्यात आकडा भरण्यापूर्वी ते उपकरण नेमके काय मोजते ते पाहावे. काही ठिकाणी हा आकडा आतल्या डेटाचा असतो, म्हणजे १५००. काही ठिकाणी संपूर्ण फ्रेमचा, म्हणजे हेडरचे १४ आणि तपासणीचे ४ बाइट धरून १५१८. एक व्हीएलएएन टॅग लागला की ४ बाइट वाढून १५२२ होतात, दोन टॅग लागले की १५२६, आणि ग्राहक एमपीएलएस वापरत असेल तर प्रत्येक लेबलमागे आणखी ४. एका टोकाला १५२२ आणि दुसऱ्याला १५१८ अशी मर्यादा राहिली, तर लहान पॅकेट सुखरूप जातात आणि पूर्ण लांबीचे टॅग लावलेले पॅकेट मुकाट्याने टाकले जातात. पिंग चालते, लॉगिनही होते, पण मोठे पान उघडताना अडकते.

याची खात्री करण्यासाठी ग्राहकाच्या बाजूने 'तुकडे करू नये' हा बिट लावून १४७२ बाइटचा पिंग पाठवावा. त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. हा पिंग गेला तर साधी वाहतूक नक्की जाईल; मात्र तो टॅगसह पाठवल्याशिवाय टॅगसहित फ्रेमबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जिथे ग्राहकाच्या गरजेबद्दल शंका आहे तिथे कार्ड देते ती कमाल मर्यादा दोन्ही टोकांना लावून ठेवण्यात नुकसान नाही. लहान मर्यादा लावून काही वाचत नाही.

आतली बाजू: किती कंटेनर लागतात

या उपकरणाची खरी ओळख इथे होते, आणि इथला हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका व्हीसी-१२ मध्ये इथरनेटसाठी २.१७६ मेगाबिट प्रतिसेकंद जागा असते, व्हीसी-३ मध्ये ४८.३८४ आणि व्हीसी-४ मध्ये १४९.७६. यांपैकी एकाच आकाराचे अनेक कंटेनर व्हर्च्युअल कॉनकॅटिनेशनने एकत्र बांधून हवी तेवढी वाट तयार करता येते. १० मेगाबिटसाठी ५ व्हीसी-१२ लागतात, म्हणजे १०.८८ मेगाबिट, १०० मेगाबिटसाठी ४६ व्हीसी-१२, म्हणजे १००.०९६, आणि पूर्ण गिगाबिटसाठी ७ व्हीसी-४, म्हणजे १०४८.३२. एका एसटीएम-१ मध्ये एकूण ६३ व्हीसी-१२ मावतात, त्यामुळे १०० मेगाबिटची एक सेवा दिल्यावर इतरांसाठी १७ उरतात.

अनेक ठिकाणी १०० मेगाबिटसाठी २ व्हीसी-३ दिले जातात, कारण ४६ क्रॉस-कनेक्ट (कंटेनरला उपकरणाच्या आतून वाट जोडून देणे) करण्यापेक्षा दोन करणे सोपे असते. २ व्हीसी-३ ची बेरीज ९६.७६८ मेगाबिट होते. हे पुरेसे आहे का, याचे उत्तर फ्रेमच्या लांबीवर अवलंबून आहे. केबलवर प्रत्येक फ्रेमसोबत प्रीअँबलचे ८ बाइट आणि किमान १२ बाइटची मोकळी जागा असे २० बाइट जातात. जीएफपी (फ्रेम कंटेनरमध्ये भरण्याची पद्धत) हे २० बाइट काढून टाकते आणि त्यांच्या जागी स्वतःचे फक्त ८ बाइट लावते. म्हणजे ६४ बाइटची फ्रेम केबलवर ८४ बाइटची जागा घेते आणि कंटेनरमध्ये ७२ ची. पूर्ण भरलेल्या १०० मेगाबिटच्या पोर्टला ६४ बाइटच्या फ्रेमसाठी आत सुमारे ८५.७ मेगाबिट पुरतात, पण १५१८ बाइटच्या फ्रेमसाठी ९९.२ लागतात. याचा परिणाम असा की २ व्हीसी-३ च्या वाटेवर पूर्ण वेगाने चाचणी घेतली तर ६४, १२८ आणि २५६ बाइटच्या फ्रेम शंभर टक्के पार होतात, ५१२ ला सुमारे एक टक्का गळतात आणि १५१८ ला सुमारे अडीच टक्के. हा निकाल पाहून कार्ड बदलण्याची घाई करू नये. गणितानुसार जे घडायला हवे तेच घडलेले असते. सेवा खरोखर पूर्ण १०० मेगाबिटची द्यायची असेल तर ४६ व्हीसी-१२ किंवा ३ व्हीसी-३ द्यावेत.

फ्रेम कंटेनरमध्ये भरण्याची पद्धत दोन्ही टोकांना एकच असावी लागते. आज बहुतेक ठिकाणी आयटीयू-टी जी.७०४१ मधील जीएफपी वापरले जाते. जुन्या कार्डांवर एक्स.८६ मधील लॅप्स किंवा उत्पादकाची स्वतःची पद्धत आढळते. जीएफपीमध्येही डेटासाठी ४ बाइटची ऐच्छिक तपासणी असते. ती एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असेल तर एसडीएचचे सर्व अलार्म स्वच्छ असूनही फ्रेम पार होत नाहीत किंवा चुकांसह टाकल्या जातात. दोन वेगळ्या उत्पादकांची कार्डे समोरासमोर असतील तर मूळ सेटिंगवर विश्वास न ठेवता हा रकाना दोन्हीकडे उघडून पाहावा.

वेगळ्या उत्पादकांच्या जोडीत आणखी एक सापळा असतो, तो व्हीसी-१२ च्या क्रमांकांचा. व्हीसी-४ मधील प्रत्येक जागेला के, एल, एम असे तीन आकडे असतात: तीन टीयूजी-३ (कंटेनरांचे गट) पैकी कोणता, त्यातील सात टीयूजी-२ पैकी कोणता, आणि त्यातील तीनपैकी कोणती जागा. या तिन्हींवरून १ ते ६३ असा एकच क्रमांक बनवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत; एकीत के सर्वांत आधी बदलतो, दुसरीत एम. त्यामुळे (२, १, १) ही जागा एका पडद्यावर २ क्रमांकाची दिसते आणि दुसऱ्यावर २२ क्रमांकाची. दोन्हीकडे 'टायमस्लॉट २' निवडले म्हणून ती एकच जागा ठरत नाही. अशा ठिकाणी कामाच्या कागदावर नेहमी के-एल-एमच लिहावे. पहिल्या आणि त्रेसष्टाव्या क्रमांकावर दोन्ही पद्धती जुळतात, त्यामुळे केवळ पहिल्या जागेवर केलेली चाचणी इथे फसवी ठरते.

क्रॉस-कनेक्ट करताना गटातील सर्व सदस्य शक्यतो एकाच मार्गाने न्यावेत. वेगवेगळ्या मार्गांनी नेलेले कंटेनर वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, आणि दूरच्या टोकाला त्यांना पुन्हा ओळीत लावण्यासाठी थांबवून ठेवावे लागते. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २०० किलोमीटरच्या फरकाला १ मिलिसेकंद. कार्डाची सहनशक्ती त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ती ओलांडली गेली की पूर्ण गट कोसळतो, आणि हे बऱ्याचदा रिंगचा एक भाग तुटून काही सदस्य लांबच्या वाटेने वळल्यावरच उघडकीला येते.

एलकॅस, म्हणजे जी.७०४२ मधील क्षमता कमी-जास्त करण्याची योजना, उपलब्ध असेल तर ती दोन्हीकडे चालू करावी. तिच्याविना गटातील एक कंटेनर बिघडला तरी संपूर्ण सेवा बंद पडते. तिच्यासह तेवढा सदस्य बाहेर काढला जातो आणि बाकी वाट चालू राहते. एका टोकाला एलकॅस असून दुसऱ्याला नसले तरी गट चालावा अशी तरतूद मानकात आहे, पण प्रत्यक्ष जाळ्यात तिच्यावर विसंबून राहू नये. एलकॅसच्या होल्ड-ऑफची वेळ एसडीएचच्या स्वतःच्या संरक्षणापेक्षा जास्त असावी. रिंगचे संरक्षण साधारण ५० मिलिसेकंदांत वाट बदलते. त्याआधीच एलकॅस सदस्य काढू लागले तर दोन यंत्रणा एकाच बिघाडावर एकाच वेळी काम करू लागतात.

एलकॅसमुळे सेवा चालू असताना बॅन्डविड्थ वाढवता किंवा घटवता येते, मात्र क्रम पाळावा लागतो. वाढवताना नवे क्रॉस-कनेक्ट संपूर्ण मार्गावर आधी करावेत, त्या वाटेवर अलार्म नाही हे पाहावे आणि मगच सदस्य गटात घ्यावा. घटवताना उलट करावे. सदस्य दोन्ही टोकांच्या गटातून आधी काढावा आणि त्यानंतरच क्रॉस-कनेक्ट मोडावा.

ओटीएन (एसडीएचनंतरची ऑप्टिकल वहनप्रणाली) उपकरणांवर हा हिशेब सोपा होतो, कारण तिथे गिगाबिट इथरनेटसाठी सुमारे १.२४४ गिगाबिटचा ओडीयू-० हा कंटेनर ठरलेलाच आहे. १० गिगाबिटच्या पोर्टवर मात्र लॅन आणि वॅन हे दोन प्रकार जपून निवडावेत. लॅन प्रकारात फायबरवरील वेग १०.३१२५ गिगाबिट असतो, तर वॅन प्रकारात एसटीएम-६४ शी जुळणारा ९.९५३२८ गिगाबिट असतो. हे दोन समोरासमोर आले तर लिंक लागतच नाही.

व्हीएलएएन आणि नियंत्रण फ्रेम

दोन ठिकाणांमधील एकाच ग्राहकाच्या सेवेसाठी पोर्ट पारदर्शक ठेवणे सर्वांत चांगले. ग्राहक कोणते टॅग लावतो हे आपल्याला माहीत असण्याची गरज उरत नाही आणि त्याने उद्या नवा व्हीएलएएन सुरू केला तरी आपल्याला फोन येत नाही. अनेक ग्राहक एकाच व्हीसीजीवर आणायचे असतील तरच टॅगचा विचार करावा. अशा वेळी ग्राहकाकडील पोर्ट ॲक्सेस प्रकारचा (टॅग नसलेल्या फ्रेम घेणारा) आणि व्हीसीजीकडील पोर्ट टॅग ओळखणारा ठेवावा. प्रत्येक ग्राहकाला १ ते ४०९४ मधील वेगळा क्रमांक द्यावा. १ हा क्रमांक मात्र टाळावा, कारण बहुतेक स्विचवर तो मूळ सेटिंगमध्येच सर्व पोर्टना लागलेला असतो. ग्राहक स्वतः टॅग लावत असेल तर त्याच्या टॅगवर आपला दुसरा टॅग लावावा, आणि दोन्ही टोकांना बाहेरील टॅगचा प्रकार, ८१०० किंवा ८८ए८, सारखा आहे हे पाहावे.

ग्राहकाला दोन ठिकाणांमध्ये स्पॅनिंग ट्री (फ्रेमचे फेरे टाळणारा प्रोटोकॉल) किंवा एलएसीपी (अनेक लिंक एकत्र बांधणारा प्रोटोकॉल) चालवायचे असेल तर हे आधीच विचारून घ्यावे. त्यांच्या फ्रेम ०१-८०-सी२-००-००-०० पासून सुरू होणाऱ्या राखीव पत्त्यांवर जातात, आणि लेयर-२ स्विच असलेले कार्ड त्या स्वतःपाशीच अडवते. पुढे पाठवण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. याउलट लेयर-२ कार्डे रिंगमध्ये जोडून दोन्ही दिशांच्या व्हीसीजी एकाच व्हीएलएएनमध्ये टाकल्या आणि स्पॅनिंग ट्री बंद ठेवले, तर ब्रॉडकास्ट फ्रेम फिरतच राहतात आणि काही सेकंदांत सर्व ग्राहकांची सेवा ठप्प होते.

लिंक-पास-थ्रू

एका टोकाची ग्राहकाची केबल तुटली तर दुसऱ्या टोकाच्या राउटरला ते सहसा कळत नाही, कारण त्याची लिंक स्थानिक मल्टिप्लेक्सरपर्यंत असते आणि ती चालूच राहते. राउटर मग राउटिंग प्रोटोकॉलची मुदत संपेपर्यंत मृत वाटेवर पॅकेट ढकलत राहतो. लिंक-पास-थ्रू चालू केले की एका टोकाला लिंक गेल्याची किंवा मधली एसडीएच वाट तुटल्याची सूचना पलीकडे पोहोचते आणि तिथला पोर्ट मुद्दाम खाली आणला जातो. त्यामुळे राउटर लगेच पर्यायी मार्ग धरतो. पर्यायी मार्ग असलेल्या ग्राहकासाठी ही सोय लावावीच. तिची प्रतीक्षा-वेळही एसडीएच संरक्षणाच्या ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त ठेवावी, नाहीतर रिंगमधील प्रत्येक वळणावर ग्राहकाची लिंक उगाच पडेल.

काम चालू असताना मात्र ही सोय बंद ठेवावी आणि चाचणी संपल्यावर शेवटी चालू करावी. ती आधीच चालू असेल तर एका टोकाची केबल काढताच दुसऱ्या टोकाचा दिवा विझतो आणि तिथला माणूस पॅचकॉर्ड बदलत बसतो. एका पोर्टवरून अनेक ठिकाणी जाणाऱ्या सेवेवर ही सोय लावू नये, कारण एका ठिकाणच्या बिघाडाने सगळ्यांची लिंक खाली येईल.

चाचणी

प्रथम व्हीसी पातळीवरील अलार्म पाहावेत. कंटेनर पोहोचत आहेत, पण गटातील क्रम चुकला आहे असा अलार्म असेल तर दोन क्रॉस-कनेक्टची अदलाबदल झाली आहे, असे समजून के-एल-एमची यादी पुन्हा तपासावी. वाट स्वच्छ झाल्यावर जीएफपीचे काउंटर पाहावेत, आणि त्यानंतर इथरनेटचे. खालून वर जाण्याचा हा क्रम सोडून थेट पिंगपासून सुरुवात केली तर बिघाड कोणत्या थरात आहे हे शोधण्यात वेळ जातो.

लूपबॅक (पाठवलेले परत आणणारी जोडणी) लावताना ग्राहकाचे उपकरण वेगळे करावे. इथरनेटच्या पातळीवरील लूपमुळे ग्राहकाच्या स्विचला स्वतःच्याच फ्रेम परत मिळतात, तो मॅक पत्ते चुकीच्या पोर्टवर शिकतो आणि त्याचे अख्खे जाळे बिघडू शकते. चाचणी-यंत्राने लूप करायचा असेल तर दूरच्या टोकाला स्रोत आणि गंतव्य पत्ते अदलाबदल करणारे यंत्र किंवा तशी सोय असलेले कार्ड लागते.

क्षमतेच्या चाचणीसाठी आरएफसी २५४४ या चाचणी-दस्तऐवजातील ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, १२८० आणि १५१८ बाइट ही मालिका वापरावी. सेवेची कायमस्वरूपी गुणवत्ता दाखवायची असेल तर आयटीयू-टीची वाय.१५६४ ही चाचणी-पद्धत अधिक योग्य आहे, कारण त्यात अनेक सेवा-प्रवाह एकाच वेळी तपासता येतात. यंत्र वेग कसा मोजते, प्रीअँबल आणि मोकळी जागा धरून की केवळ फ्रेम, हे अहवालात लिहावे. ५ व्हीसी-१२ च्या वाटेवर पहिल्या पद्धतीने ६४ बाइटला सुमारे १२.७ मेगाबिट दिसतात आणि १५१८ बाइटला सुमारे ११. दहा मेगाबिटची सेवा विकत घेतलेल्या ग्राहकाला बारा मेगाबिट दाखवून खूश करण्यापूर्वी हा फरक त्याला समजावून सांगितलेला बरा.

चाचणीनंतर काउंटर शून्य करावेत, लिंक-पास-थ्रू आणि दाबून ठेवलेले अलार्म चालू करावेत आणि कॉन्फिगरेशन कायमच्या स्मृतीत जतन करावे. अनेक उपकरणांवर 'लागू करा' आणि 'जतन करा' या दोन वेगळ्या क्रिया असतात. फक्त पहिली केली तर वीज जाऊन येताच सर्व बदल पुसले जातात. चोवीस तासांनी पुन्हा येऊन पंधरा मिनिटांच्या आणि दिवसभराच्या नोंदी वाचाव्यात. सीआरसी चुका दिसल्या तर केबल, एसएफपी किंवा ड्युप्लेक्स तपासावे. फक्त टाकलेल्या फ्रेम वाढत असतील आणि चुका शून्य असतील, तर पोर्ट निरोगी आहे आणि ग्राहक मान्य बॅन्डविड्थपेक्षा जास्त पाठवत आहे. त्याच्या राउटरवरील शेपिंगचा आकडा आतल्या वाटेच्या क्षमतेशी ताडून पाहावा.